अनुभवी सदस्याची खुर्ची

सोमवार, ४ तारीख

प्रशिक्षणात सांगितलं की समन्वयकाने दैनंदिनी लिहावी आणि मनातलं मोकळेपणाने लिहावं, कोणी वाचणार नाही. तर मनातलं असं की मला समन्वयक करायला नगरपालिकेने उशीर केला, पण केलं ते शहाणपणाचं केलं. आयुष्य आवक-जावकच्या टेबलावर गेलं. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा कुठे साहेबांना माझ्यातले गुण दिसले. साहेब म्हणाले, "तुम्हालाच देतोय हे काम. बाकी सगळ्यांना कामं आहेत."

काम मोठं आहे. ऑपरेशननंतर डॉक्टर त्या अफूच्या जातीच्या कडक गोळ्या देतात ना, त्यांची काहींना सवय लागते आणि मग सुटता सुटत नाही. ती लागू नये आणि लागलेली सुटावी, यासाठी वरून अनुदान आलं आहे. त्यातून एक समिती नेमायची, उरलेल्या गोळ्या परत टाकायला एक पेटी ठेवायची आणि नगरपालिकेच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत उपचारकेंद्र उघडायचं. दवाखान्याच्या सिस्टरांनी खोली आधीच झाडून, पुसून, पडदे लावून ठेवली आहे. पण समिती पूर्ण भरल्याशिवाय औषध येणार नाही आणि तपासणीपर्यंत समिती भरली नाही तर अनुदान परत जाणार.

नेमणुकीचं पत्र द्यायला साहेब चष्मा शोधत होते. अर्धं ऑफिस टेबलाखाली वाकलं, चष्मा साहेबांच्या कपाळावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी मनात खूप हसलो. अशा माणसांच्या हाती कारभार आहे.

घरी येऊन हिला बातमी सांगितली. ही शिवणाच्या मशीनवर बसली होती. मशीन थांबलं. "म्हणजे उपचार खरंच मिळणार? इथेच? पैसे न घेता?" माझ्या नोकरीत हिने एवढा रस पहिल्यांदाच घेतला. पदाचं वजन पडतं, ते असं.

गुरुवार, ७ तारीख

समिती सात जणांची. साहेब, डॉक्टर, सिस्टर, औषध दुकानदारांचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक आणि मी, असे सहा झाले. सातवी जागा मात्र विचित्र आहे. अनुदानाच्या अटींत लिहिलंय की जिने हे व्यसन स्वतः भोगलं अशी एक अनुभवी व्यक्ती समितीत बसलीच पाहिजे. ती नसेल तर बाकी सहा जणांचे निर्णय रद्दी.

साहेब म्हणाले, "आपल्या हद्दीत एकही व्यसनी नाही, असं आपण मागेच लिहून दिलंय."

"साहेब, मग अनुदान कशाच्या जोरावर मिळालं?"

"ते वेगळ्या पत्रात. त्यात भरपूर आहेत."

बैठकीच्या टेबलावर ठेवायला नावाच्या लाकडी पाट्या हव्या होत्या. काम मेहुण्याला दिलं. हिचा हा धाकटा भाऊ पाट्या रंगवतो. सगळे त्याला पेंटर म्हणतात, मीही तेच म्हणतो. गेल्या वर्षी एका दुकानाचा बोर्ड रंगवताना शिडीवरून पाठीवर पडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून आमच्याच बाहेरच्या खोलीत राहतो. शिडी चढत नाही, पण बसून करायची कामं करतो. सहा पाट्यांवर पदं आणि सातवीवर नुसतं "अनुभवी सदस्य" असं लिहायला सांगितलं. त्याने विचारलं, "याच्यावर नाव नको?"

म्हटलं, "सापडला तर नाव!"

शनिवार, ९ तारीख

नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस लावली. मसुदा माझा. "गोळ्यांचे व्यसन असलेल्या व्यक्तींनी कार्यालयीन वेळेत समक्ष अर्ज करावा. सोबत चारित्र्याचा दाखला आणि दोन प्रतिष्ठित नागरिकांची शिफारस जोडावी." सिस्टरांनी नोटीस वाचली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. कौतुक त्यांना शब्दांत मांडता येत नसावं.

मंगळवार, १२ तारीख

अर्ज एकच आला. गृहस्थ धडधाकट. म्हणाले, "मला व्यसन नाही. पण बैठकीचा भत्ता मिळणार असेल तर महिन्याभरात लावून घेतो." मी त्यांना चांगलं सुनावलं. जाताना त्यांनी विचारलं, मग भत्ता किती आहे ते तरी सांगा.

पेटी लाल रंगाची, कुलूपबंद, दवाखान्याच्या दारात बसवली आहे. उघडली तेव्हा आत गटाराबद्दलच्या तक्रारी आणि एक कंगवा निघाला. लोकांना शिस्त नाही. तेव्हा आपणच उदाहरण घालून द्यावं असं ठरवलं. माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या होत्या. एक घेतली, डोकं गरगरलं, बाकीचं पाकीट तसंच कपाटात ठेवलं होतं. पेंटरला सगळ्यांसमोर फोटो काढायला लावून ते पेटीत टाकायचं होतं. पाकीट सापडलं, गोळ्या नाहीत.

हिला विचारलं. ही म्हणाली, "मी टाकल्या असतील."

"पाकीट ठेवून आतल्या गोळ्या टाकल्या?"

"मग उंदरांनी नेल्या असतील."

उंदीर असतील. सापळा आणायला पेंटरला पाठवतो म्हटलं, तर तो खाली मान घालून बसला. हल्ली त्याला साधं कामही जड जातं. तरण्याताठ्या माणसाने इतका आळस बरा नव्हे, असं मी त्याला ऐकवलंही. तर ही माझ्यावरच डाफरली. आपलेच दात, आपलेच ओठ, काय बोलणार?

शुक्रवार, १५ तारीख

पाट्या मिळाल्या. हा माणूस पूर्वी पट्टी न घेता सरळ रेघ मारायचा, लोक बघायला उभे राहायचे. साहेबांची, डॉक्टरांची, माझी अशा सगळ्या पाट्या ठीक आहेत, पण "अनुभवी सदस्य" ही पाटी बघवत नाही. अक्षरं थरथरलेली. 'स'ची उभी रेघ तर घसरतच गेलीय.

"अरे पेंटर, हे काय?"

"ती सकाळी केली, भाऊजी. बाकीच्या दुपारी."

सकाळी आणि दुपारी हात वेगळे असतात का माणसाचे? नाचता येईना, अंगण वाकडं. पण रिकाम्याच खुर्चीपुढे ठेवायची आहे, म्हणून परत पाठवली नाही.

रविवार, १७ तारीख

दहा दिवसांवर तपासणी आली. मुख्याध्यापक म्हणतात, माजी विद्यार्थ्यांत शोधू. औषध दुकानदारांचे अध्यक्ष म्हणतात, आमच्या गिऱ्हाइकांत असे कोणी नाहीत, आणि मग विषय बदलतात. मी बाजारात, बसस्टँडवर, बागेत फिरलो. ज्याचे डोळे तारवटलेले दिसले त्याला विचारलं. एकाने मारायला हात उचलला. त्याला नुकताच मुलगा झाला होता, झोप नव्हती एवढंच.

जेवताना मी म्हटलं, "आता कुठून आणू व्यसनी?"

ही वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "याला बसवा ना."

"कोणाला?"

"माझ्या भावाला. शाळेत असताना नाटकात काम करायचा तो. बसेल, बोलेल."

पेंटरने ताटावरून मान वर केली आणि आपल्या बहिणीकडे पाहिलं. ही पण त्याच्याकडे पाहत राहिली. मीच हसलो. म्हटलं, याचा आणि व्यसनाचा काय संबंध? हा चहासुद्धा अर्धा कप पितो.

मंगळवार, १९ तारीख

मला एक कल्पना सुचली आहे. पेंटरलाच व्यसनी म्हणून बसवायचं! पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे, गोळ्या दिलेल्या होत्या, कागदपत्रं आहेत. फक्त त्याला सवय लागली होती आणि आता तो पूर्ण बरा झाला, एवढंच जोडायचं. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही," आणि अर्जावर सही केली.

हे खोटं आहे हे मला कळतं. इथे मोकळं लिहायचं म्हणून लिहितो, काल जेवण गेलं नाही. पण समिती भरली नाही तर सिस्टरांची ती खोली कुलपातच राहील. परवा त्या मला म्हणाल्या, "साहेब, लोक माझ्याकडे येतात, हळू आवाजात विचारतात, आणि मी त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणते. गेले दोन महिने हेच म्हणतेय. त्यातला एक परत यायचाच बंद झाला." असे लोक येतात तर मला एकही कसा सापडत नाही, हे कोडंच आहे. तरी खोली उघडली पाहिजे. त्यासाठी एक खोटं पचवीन.

पेंटरला विचारलं. वाटलं नाही म्हणेल. तो बराच वेळ हातावरचा वाळलेला रंग खरवडत बसला. मग म्हणाला, "भाऊजी, तिथे त्या सिस्टर असतील ना?"

"असणारच. सदस्य आहेत."

"बरं. बसतो."

शनिवार, २३ तारीख

आज तालीम घेतली. भाषण मी लिहिलं आहे. "व्यसनरूपी राक्षसाच्या जबड्यातून मी सहीसलामत बाहेर आलो" अशी सुरुवात आहे आणि शेवटी नगरपालिकेचे आभार. पण या माणसाला अभिनय येत नाही. शाळेत काय काम करत होता देव जाणे, झाड झाला असेल.

एक तर तो सारख्या जांभया देतो. मी म्हटलं, "व्यसनी माणूस जांभया देत नाही, पेंटर. व्यसनी माणूस झिंगतो. जरा झिंग."

तो म्हणाला, "गोळी मिळाली नाही की जांभया येतात. नाक गळतं. अंगावर काटा येतो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कुठेतरी ऐकलं."

मग स्वतःचीच वाक्यं घालायला लागला. म्हणे, "पहिल्यांदा पाठ दुखते म्हणून घ्यायचो. नंतर घेतली नाही म्हणून दुखायला लागलं." मी ते खोडायला लावलं. प्रेक्षकांना पटलं पाहिजे. असं कुठे असतं?

तेवढ्यात सिस्टर आल्या. हिच्याकडे कपडे शिवायला टाकले होते म्हणे, ते न्यायला. कपडे तयार नव्हते, तरी बसल्या. ही म्हणाली, "बघा ना तुम्ही पण, तालीम कशी होतेय." सिस्टरांनी तालमीच्या मधेच पेंटरचं मनगट धरलं, खालची पापणी ओढून डोळे पाहिले, हळू आवाजात दोन-चार गोष्टी विचारल्या. माझं राक्षसाचं वाक्य अर्धवट राहिलं. मी म्हटलं, "सिस्टर, भाषण झाल्यावर तपासा."

त्या म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. छान चाललंय." मग पेंटरला म्हणाल्या, "एकदम बंद करू नका हं. बुधवारपर्यंत आहे तसंच राहू द्या."

तालीम एकदम बंद करू नका, असं म्हणत असणार. मलाही तेच वाटतं, रोज थोडी थोडी करावी. ही आत जाऊन तोंड धुवून आली. डोळे लाल होते. मशीनवर फार बसते, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

रविवार, २४ तारीख

सापळ्यात एकही उंदीर नाही.

बुधवार, २७ तारीख

आज जे झालं ते लिहितो.

तपासणीच्या मॅडम वेळेवर आल्या. पातळ आवाज, जाड फाइल. सातही खुर्च्या भरल्या होत्या, पाट्या लावल्या होत्या. ही पण आली होती. सभागृहाच्या पडद्यांची शिलाई उसवली आहे, ती बघायची म्हणाली, आणि दाराशी उभी राहिली. पडद्याला मात्र हात लावला नाही.

मॅडम म्हणाल्या, "अनुभवी सदस्य कोण?"

पेंटर उभा राहिला. शर्ट धुतलेला, भांग पाडलेला. मला अभिमान वाटला. त्याने सुरुवात केली, "व्यसनरूपी राक्षसाच्या..." आणि थांबला.

मी खालच्या आवाजात पुरवलं, "जबड्यातून."

मी पुन्हा म्हटलं, "जबड्यातून सहीसलामत."

तो माझ्याकडे वळला. "भाऊजी, जबड्यातून बाहेर आलो असं लिहिलंय तुम्ही. मी आतच आहे."

मला वाटलं वाक्य विसरला. मी पुढचं सुचवलं, "नगरपालिकेचे आभार."

"आज सकाळी दोन घेतल्या, तेव्हा इथे बसता आलं," तो मॅडमना म्हणाला. "पाठ कधीच बरी झालीय. डॉक्टर आता लिहून देत नाहीत, म्हणून कुठून कुठून आणतो. ताईला चार वेळा शब्द दिला, चार वेळा मोडला. भाऊजींच्या दाढेच्या गोळ्या मी घेतल्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरात उंदीर नाहीत, भाऊजी. तो सापळा काढून टाका. माझंच बोट सापडलं काल."

त्याच्या बोटाला चिंधी होती. मी ती सकाळी पाहिली होती आणि म्हटलं होतं, बैठकीला असं जाऊ नकोस, अवतार वाईट दिसतो.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जांभया, सकाळची पाटी, दुपारची पाटी, सगळं एकदम. मी दाराकडे पाहिलं. हिला काहीच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ही रडत होती आणि आपल्या भावाकडे असं बघत होती जणू तो पहिल्यांदा चालायला लागला आहे.

मॅडमनी फाइल उघडली. "समन्वयक, तुमच्या अर्जात 'पूर्ण बरी झालेली व्यक्ती' असं आहे."

साहेब छताकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, ते खोटं आहे. म्हणजे मी सगळंच खोटं म्हणून लिहिलं होतं, त्यातलं निम्मं आता खरं निघालं. त्याला मी पढवलं. माझं काय करायचं ते करा. पण ती खोली बंद ठेवू नका. हा माझा मेहुणा आहे, मॅडम. माझ्या घरात राहतो. मला दिसलं नाही."

एवढं बोललो आणि रडायलाच लागलो. सभेत रडणारे समन्वयक मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कसं करतात ते माहीत नव्हतं. मी पाटीआड तोंड लपवलं. पाटी लहान होती.

मॅडम बराच वेळ अटी वाचत होत्या. मग म्हणाल्या, "'बरी झालेली' हे तुम्ही कुठून आणलं? इथे फक्त 'भोगलेली' असं आहे."

ते मीच घातलं होतं. अर्ज नीटनेटका दिसावा म्हणून.

"मग समिती पूर्ण आहे," मॅडम म्हणाल्या. "खोटं लिहिल्याबद्दल तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. बसा." आणि पेंटरकडे वळून वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्हीही बसा. त्रास होत असेल तर पाठीला उशी मागवू का?"

त्याने उशी घेतली नाही. सिस्टरांनी आपली खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी आणली. उपचार कसे हवेत, हे विचारल्यावर तो इतकं नेमकं बोलला की मुख्याध्यापक टिपून घेत होते. नोटीस फळ्यावरून काढावी, ती वाचून कोणी यायचा असेल तोही येणार नाही, असंही म्हणाला. ठराव एकमताने मंजूर. मीही हात वर केला.

गुरुवार, २८ तारीख

सकाळी हिला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खरंच विचार केला. "नोटीस लावली असती," म्हटलं.

ही हसली. किती दिवसांनी हसली ते आता लक्षात येतंय. म्हणाली, "माझं तो ऐकत नव्हता. दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं की परत फिरायचा. लाज वाटायची. पण तुम्ही सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. म्हटलं, काम म्हणून तरी त्या सिस्टरांसमोर जाऊन बसेल. आणि तुम्ही तर त्यालाच गावभर शोधत होतात. काखेत..."

"पुढचं म्हणू नकोस," मी म्हटलं.

मशीन पुन्हा सुरू झालं.

पुढचा महिना, सोमवार, १६ तारीख

लेखी ताकीद आली. सगळ्या नोकरीत वरून माझ्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र. आवक क्रमांक मीच घातला.

खोली उघडली. पहिला रुग्ण अनुभवी सदस्य. सिस्टर रोज त्याला जिभेखाली ठेवायची एक गोळी देतात आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात. मीही बरोबर जातो आणि बाकावर बसतो. गोळी विरघळेपर्यंत त्याला बोलता येत नाही, त्यामुळे मीच बोलतो. हिचं म्हणणं, उपचारातला हाच भाग अवघड आहे. मागच्या आठवड्यात एक दिवस तो आलाच नाही, दिवसभर कुठे होता ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. सिस्टर म्हणाल्या, असं होतं. मला अजून सवय व्हायची आहे.

काल बाकावर आणखी एक गृहस्थ येऊन बसले. औषध दुकानदारांचे अध्यक्ष. मी काही विचारलं नाही, थोडा सरकून जागा दिली. हल्ली मला बऱ्याच गोष्टी दिसतात.

आज खोलीच्या दारावर बोर्ड रंगवायचा होता. दुसऱ्या कोणाला सांगू म्हटलं, तर पेंटर म्हणाला, मीच करतो, पण शिडी कोणीतरी धरायला हवी. पडल्यापासून तो शिडी चढला नव्हता. पहिल्या पायरीवर बराच वेळ उभा राहिला. मी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर बघत राहिलो.

वर बघायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निळ्या रंगाचा ओघळ चष्म्यावर आला, तिथून मिशीत.

"पेंटर, बोर्ड वाकडा होतोय रे!"

"बोर्ड सरळ आहे, भाऊजी. तुमची मान वाकडी आहे."

असेल. मान दुखत होती, एका डोळ्यात रंग गेला होता, बाकावरचे अध्यक्ष हसत होते. त्याचं शेवटचं अक्षर होईपर्यंत मी शिडी सोडली नाही.